गंज खालून चढतो: मिठाच्या रस्त्यांवर जिवापाड जपलेली गाडी कशी सांभाळावी

माझी आई शिरोड्याची, मिठागरांच्या गावची. डेट्रॉईटला आमच्याकडे ती पहिल्यांदा हिवाळ्यात आली, तेव्हा रस्त्यावर पसरलेले पांढरे खडे बघून तिने विचारलं, “रस्त्यार मीठ कित्याक घालतत रे?” बर्फ वितळावा म्हणून, असं मी सांगितलं. ती थोडा वेळ माझ्या गाडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मगे हिचो पत्रो रवतलो कसो?”

खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या घरातली बाई ती. तिला जे क्षणात कळलं, ते मला कळायला एक गाडी गमवावी लागली. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क, ओंटारिओ या भागांत राहणाऱ्या आणि एखादी गाडी मनापासून जपणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे.

आधी मीठ काय करतं ते समजून घ्या

लहानपणी आइस्क्रीमचा पॉट फिरवला असेल, तर अर्धी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बर्फात जाडं मीठ घातलं की बर्फ वितळू लागतो आणि ते पाणी शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही गोठत नाही. रस्त्यावर हेच होतं. साधं मीठ कागदोपत्री उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत काम करतं, पण प्रत्यक्षात साधारण उणे ९ च्या खाली त्याचा जोर ओसरतो. म्हणून कडक थंडीत त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. वादळ येण्याआधी २३ टक्क्यांच्या आसपासचं मिठाचं पाणी रस्त्यावर फवारतात. कोरड्या डांबरावर समांतर पांढऱ्या रेघा दिसल्या की समजावं, फवारणी झाली.

डेट्रॉईटच्या तर पोटातच मीठ आहे. शहराखाली सुमारे १,१०० ते १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे. तिचा पहिला शाफ्ट १९१० साली पुरा झाला आणि तिथलं मीठ आजही रस्त्यांवर येतं.

मीठ स्वतः लोखंड खात नाही. गंजासाठी पाणी आणि हवा लागते. पाण्यात मीठ मिसळलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो. त्यात मीठ ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, अगदी तसं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची क्लोराइडं तर हवेतली ओल ओढूनच घेतात. म्हणजे गाडी वरून खडखडीत कोरडी दिसत असली तरी पत्र्याच्या सांध्यांमध्ये ओल तशीच असते. आपलं सगळं काम या ओलीशी आहे. वरच्या चकाकीचा नंबर त्यानंतर.

ऑक्टोबर: खाली झोपून गाडी बघा

पहिला बर्फ पडायच्या आत, ऑक्टोबरच्या एखाद्या कोरड्या शनिवारी गाडी रॅम्पवर चढवा किंवा जॅकने उचला. जॅकने उचलली तर खाली जॅक स्टँड (गाडीचा भार पेलणारे लोखंडी टेकू) लावल्याशिवाय अंग आत घालू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही.

आता टॉर्च घेऊन बघा. चाकाच्या वरच्या कमानीची आतली कड, दरवाजाखालची आडवी पेटी (इथले मेकॅनिक तिला रॉकर पॅनेल म्हणतात), सबफ्रेमचे (इंजिन आणि चाकांचे भाग ज्यावर बसतात त्या खालच्या सांगाड्याचे) जोड, जॅक लावायच्या जागा, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या बारीक नळ्या. जिथे चिखल आणि पाचोळा साचलेला आहे तिथे बोट घालून तो काढा. तो चिखल म्हणजे हिवाळाभर खारट पाणी पिऊन बसणारा स्पंज आहे. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सगळं खालून धुवा आणि एक-दोन दिवस पूर्ण सुकू द्या.

यानंतरचं काम बहुतेक जण विसरतात. दरवाजांच्या खालच्या कडेला आणि रॉकर पॅनेलच्या तळाशी छोटी छोटी भोकं असतात. आत शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून कारखान्यातच ती ठेवलेली असतात. ती बुजली की पत्रा आतून कुजतो, आणि बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला खेळ संपलेला असतो.

माझी लाडकी गाडी १९९४ ची माझदा मियाता. या गाडीच्या कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या दोन भोकांतून नळ्यांवाटे खाली, मागच्या चाकांच्या पुढे उतरतं. मी ती घेतली तेव्हा उजव्या बाजूने काहीच उतरत नव्हतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूहळू आत सारली. वितभर गेल्यावर ती अडली, थोडी फिरवली आणि एकदम ढिली झाली. आधी पाइनच्या सुयांचा काळा लगदा आला, आणि त्यामागून चहाच्या रंगाचं अर्धा कप पाणी. किती महिने ते तिथे उभं होतं कोण जाणे. तेव्हापासून ऑक्टोबरमधलं माझं पहिलं काम ही भोकं मोकळी करणं. तार वापरू नका, तिने नळी फाटते.

तेल लावा, डांबरी लेप नको

कोकणात पावसाळ्याआधी कोयती, कुऱ्हाडी पुसून तेल लावून ठेवतात. गाडीच्या पोटालाही तेच लागतं. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, वाळून रबरासारखा घट्ट होणारा काळा लेप. दुसरा, कधीच न वाळणारं तेलकट किंवा मेणचट द्रव्य. यात मेंढीच्या लोकरीपासून काढलेल्या लॅनोलिनवर आधारलेली फ्लुइड फिल्मसारखी उत्पादनं येतात, आणि कॅनडात घरोघरी माहीत असलेली क्राउनसारखी तेलंही.

जुन्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: तेलच. काळा लेप नव्याकोऱ्या, स्वच्छ पत्र्यावर ठीक असेल. पण त्याला खडा लागून बारीकशी चीर पडली की पाणी आत शिरतं आणि लेपाखाली अडकून बसतं. वरून सगळं काळंभोर, नीटनेटकं दिसतं आणि आत पत्रा पापडासारखा होत जातो. तेल मात्र सांध्यांत स्वतःहून झिरपतं, ओल बाहेर ढकलतं आणि आधीच धरलेल्या गंजालाही आवर घालतं. त्याची उणीव एवढीच की ते दरवर्षी लावावं लागतं आणि पहिले काही दिवस गाडी ठिबकत राहते. खाली पुठ्ठे घाला.

लांब नळीच्या नोझलने रॉकर पॅनेलच्या आत, दरवाजांच्या तळात, सबफ्रेमच्या पोकळीत फवारा. बाहेरून दिसणाऱ्या भागापेक्षा या पोकळ्या महत्त्वाच्या. ब्रेकच्या नळ्यांना, विशेषतः त्या क्लिपने बांधलेल्या असतात तिथे, ब्रशने लावा. ब्रेकच्या डिस्क, पॅड, रबरी पट्टे आणि सायलेन्सरचे गरम होणारे भाग मात्र झाकून ठेवा. काही तेलांनी रबर फुगतं, तेव्हा डब्यावरची सूचना वाचून घ्या. आणि काम झाल्यावर ती भोकं पुन्हा तपासा. तेलानेच बुजवली तर सगळं मुसळ केरात.

ब्रेकच्या नळ्यांबद्दल मी एवढं का सांगतो? आमच्याकडे एक जुनी सेडान होती, रोज कामावर नेण्याची. एका फेब्रुवारीत सकाळी ड्राइव्हवेतून मागे घेताना ब्रेकचं पेडल सरळ तळाला गेलं. गाडी कचऱ्याच्या डब्याला लागून थांबली, मागे माणूस नव्हता हे नशीब. मेकॅनिकने लिफ्टवर चढवून पेट्रोलच्या टाकीजवळची नळी दाखवली. नखाने खरवडताच तिचे पापुद्रे निघाले. तिथे क्लिपमागे चिमूटभर चिखल बसला होता, बस एवढंच. बाकी पोटाचीही तीच गत होती. ती गाडी दुरुस्त करण्याच्या पलीकडे गेली होती.

वरचा रंग

यात फार वेळ घालवायला नको. गाडी धुऊन, क्ले बारने (रंगावर चिकटलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीच्या वडीने) खरखर काढून, चांगलं मेण किंवा सिंथेटिक सीलंट (मेणासारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) लावा. सीलंट हिवाळाभर बरं टिकतं. त्याआधी बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि चाकामागच्या भागात खड्यांनी उडालेले रंगाचे टवके टच-अप पेनने भरून घ्या. मेण कितीही लावलं तरी उघड्या पत्र्याला ते पुरत नाही. दरवाजांच्या रबरी पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा, म्हणजे दरवाजे गोठून चिकटणार नाहीत. आत खोलगट रबरी मॅट घाला. बुटांबरोबर आलेलं खारट पाणी गालिच्यात मुरलं की खालचा पत्रा आतल्या बाजूने गंजतो.

हिवाळी टायर तापमान ७ अंशांच्या खाली स्थिरावलं की चढवा. ते वेगळ्या, साध्या स्टीलच्या रिम्सवर बसवून ठेवले तर चांगली अलॉय चाकं मिठापासून आपोआप वाचतात.

बर्फ काढताना

फोमच्या डोक्याचा ब्रश वापरा. फावडं किंवा प्लास्टिकचं खोरं पत्र्याला लावू नका. बर्फाखाली वाळूचे कण असतात, म्हणून शेवटचा पातळ थर रंगावर घासत बसू नये, तो राहू द्यावा. काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, काच तडकते. इंजिन चालू करून काच आतून सावकाश गरम होऊ द्या आणि मग स्क्रेपर फिरवा. छतावरचा बर्फ मात्र पूर्ण काढा. ब्रेक दाबताच तो सरकून काचेवर येतो किंवा मागच्या गाडीवर उडतो.

हिवाळाभर धुणं

“आज धुतली तर उद्या पुन्हा घाण होणार, मग कशाला?” हे मी दर पार्टीत ऐकतो. मीठ पत्र्यावर किती दिवस राहिलं याला किंमत आहे. दर वेळी धुतल्यावर ते मोजमाप पुन्हा शून्यावर येतं.

साधारण दहा दिवसांतून एकदा, आणि मोठ्या मीठफेकीनंतर रस्ते कोरडे झाले की लगेच धुवा. दिवस निवडताना तापमान शून्याच्या वर, जमल्यास ४-५ अंश असलेला निवडा. दुपारी धुवा, म्हणजे रात्रीच्या आत गाडी निथळते. ब्रशविना, फक्त पाण्याच्या दाबाने धुणारं केंद्र घ्या, कारण ब्रशमध्ये आधीच्या गाड्यांची वाळू असते. खालून धुण्याची सोय असलेला पर्याय घ्याच. वरचे महागडे फेस आणि सुगंध सोडले तरी चालतील. काही केंद्रं खालच्या फवाऱ्यासाठी तेच पाणी पुन्हा वापरतात, म्हणून एकदा विचारून घ्या.

धुऊन झाल्यावर दरवाजे, डिकी उघडून कडा पुसा. घरी निघताना मोकळ्या जागी दोन-तीनदा हलकेच ब्रेक दाबा, डिस्क कोरड्या होतात.

गॅरेजबाबतही बोलायला हवं. मीठ आणि बर्फ लडबडलेली गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवणं बाहेर ठेवण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. बाहेर उणे दहात गंजाची क्रिया जवळजवळ झोपलेली असते. आत १५ अंशांत बर्फ वितळतो, मीठ विरघळतं आणि रात्रभर गंजाला हवं ते सगळं मिळतं. तेव्हा धुतलेली गाडी गॅरेजात, न धुतलेली बाहेर किंवा थंड गॅरेजात. गॅरेज एकच असेल तर ते गरम करू नका.

गाडी हिवाळाभर उभीच ठेवणार असाल तर

खरी लाडकी गाडी असेल तर हाच उपाय उत्तम, आणि मी मियातासाठी हेच करतो. मीठ पडायच्या आत शेवटची फेरी मारा, खालून-वरून धुऊन सुकवा. टाकी भरून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) घाला आणि ते इंजिनपर्यंत पोचावं म्हणून दहा-पंधरा मिनिटं चालवा. इंजिनचं तेल बदला. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, पण टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत. हँडब्रेक लावू नका, तो चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा. बॅटरीला भरली की स्वतःहून थांबणारा मेंटेनर (हळूहळू चार्ज करणारा चार्जर) जोडा.

काँक्रीटच्या फरशीतून ओल वर येते, म्हणून गाडीखाली जाड प्लास्टिक पसरा. पण गाडीवर प्लास्टिक घालू नका, श्वास घेणारं कापडी कव्हरच घाला. उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूल कोंबा आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा.

आणि दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करण्याचा मोह आवरा. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात तसंच राहतं. गाडीला झोपू द्या.

बाहेर कधी काढायची?

मार्चमध्ये एखादा उन्हाचा दिवस येतो आणि हात शिवशिवतात. थांबा. मीठ टाकणं बंद झालं तरी रस्त्याच्या कडेला, पुलांच्या जोडांत ते पडून असतं. दोन-तीन दणदणीत पाऊस होऊन जाऊ द्यावे लागतात, आमच्याकडे एप्रिल उजाडतो. मी कोपऱ्यावरच्या कठड्याजवळ वाकून डांबरावरून बोट फिरवतो. बोट पांढरं झालं, तर गाडी आणखी एक आठवडा कव्हरखालीच राहते.