टिनाच्या घरात गाणं रेकॉर्ड करायचं तर माईक कोणता घ्यायचा

गावातल्या भजनी मंडळातली पोरं असो की झाडीपट्टीच्या नाटकात गाणारे, सगळे मला एकच विचारतात, भाऊ माईक कोणता घेऊ. मी त्यांना आधी विचारतो की गाणार कोणत्या खोलीत, वर टिन आहे की स्लॅब की कवेलू, बाजूला गोठा आहे का, चक्की किती लांब आहे. माईकची निवड तिथून सुरू होते, किमतीपासून नाही.

मी स्वतः पहिला माईक घेतला तो ऑनलाइन, स्वस्तातला कंडेन्सर, सोबत स्टँड, गोल जाळी, सगळा सेट. समोरच्या खोलीत बसलो, वर टिन, चारही भिंती सिमेंटच्या, खाली फरशी, आणि राष्ट्रसंतांचं एक भजन खंजिरीवर म्हटलं. ऐकायला बसलो तर माझ्या आवाजापेक्षा शेजारच्या कुलरची घरघर जास्त, मधेच बकरी, आणि खंजिरीची प्रत्येक थाप टिनावर आपटून परत आलेली. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "काऊन बाबू, विहिरीत उतरून गायला का?" त्यांनी एका वाक्यात रोग सांगितला होता, मला समजायला मात्र सहा महिने लागले.

तर ते असं आहे. कंडेन्सर माईकचा पडदा अतिशय पातळ आणि हलका असतो, त्यामुळे बारीकसारीक सगळं पकडतो, आणि आपण त्याच्यापासून वीतभर लांब उभं राहून गातो, म्हणून खोलीही सोबत येते. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं, ते चुंबकात हलतं, तो थोडा जड, म्हणून कमी नाजूक. पण खरी गोष्ट अंतराची आहे. डायनॅमिक आपण तोंडाजवळ चार बोटांवर धरून गातो. अंतर दुप्पट केलं की तुमचा आवाज माईकपाशी साधारण 6 डेसिबलनं खाली येतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो, मंग तुम्ही गेन, म्हणजे माईकचा आवाज मोठा करायचं बटण, वाढवता आणि घुमारा पण वाढतो. म्हणून टिनाच्या घरात, जिथं काहीच सोय केलेली नाही, तिथं माझं मत एकदम पक्कं आहे, डायनॅमिक घ्या. शुअर एसएम 58 हा 1966 पासून बाजारात आहे, स्टेजवर पण चालतो, जाळीच्या आत फोम असतो त्यामुळे प, फ, भ चे फटके थोडे कमी बसतात, पडला झडला तरी सहसा काही होत नाही. फक्त बिल देणाऱ्या अधिकृत दुकानातूनच घ्या, याच्या नकला फार फिरतात.

जवळून गाताना एक ध्यानात ठेवा, एका दिशेनं ऐकणारा माईक तोंडाच्या जितका जवळ तितका खर्ज फुगतो. भारी आवाजाच्या माणसानं दोन बोटं मागं सरकावं किंवा नंतर सॉफ्टवेअरमध्ये खर्जाचा भाग थोडा कापावा. आणि अशा माईकची पाठ जवळपास बहिरी असते, म्हणून कुलर, खिडकी, गोठा जे काही आवाज करतं ते माईकच्या पाठीमागं येईल असं बसा. एवढ्यानंच अर्धं काम होतं, पैसा लागत नाही.

कंडेन्सर घ्यायचाच असेल तर आधी खोली. आपल्याकडे त्याचा उपाय घरातच आहे. वेचणी झाली की कापूस आणून एखाद्या खोलीत गंजी लावतो ना, त्या खोलीत जाऊन एकदा टाळी वाजवून पहा. टाळी मरून जाते, मागं काहीच येत नाही, आपलाच आवाज आपल्या कानाशी येऊन बसल्यासारखा वाटतो. ती खोली कंडेन्सरसाठी उत्तम. कापूस विकला की मंग रुईच्या जुन्या गाद्या, वाकळा दोरीवर टांगा, गाणाऱ्याच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूला, कारण माईकच्या तोंडात गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंतच आधी येते. पातळ पडद्यानं, अंड्याच्या ट्रेनं घुमारा जात नाही, जाडी पाहिजे. अशा खोलीत ऑडिओ टेक्निकाचा एटी 2020 सारखा माईक लावला की मऊ आवाजाची बाई पाळणा म्हणते तेव्हा तिचा श्वाससुद्धा सुंदर येतो, ते डायनॅमिकला जमत नाही.

आता इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपला देणारी डबी. कंडेन्सरला 48 व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, म्हणजे इंटरफेस केबलमधूनच माईकला वीज देतो, तो लॅपटॉपच्या माईकच्या भोकातून येत नाही. माझा पहिला सेट तसाच जोडला होता, त्यामुळे आवाज मेलेला आणि वरून सूं सूं. इंटरफेस घेताना एकच विचार करा, एकटे गाता की सोबत पेटी पण घ्यायची. एकटं असाल तर फोकसराइट स्कार्लेट सोलो पुरतो, पेटीला वेगळा माईक लावायचा तर दोन माईक घेणारा, म्हणजे स्कार्लेट 2आय2 किंवा बेहरिंगर यूएमसी 202 एचडी. खंजिरी मात्र शक्यतो वेगळ्या वेळी रेकॉर्ड करा, ती एवढी तिखट असते की सगळ्या माईकमध्ये घुसते. व्हिडिओत पाहून शुअरच्याच एसएम 7बी या डायनॅमिक माईकच्या मागं लागू नका, त्याला 60 डेसिबलच्या आसपास गेन लागतो, साध्या इंटरफेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की खरखर वर येते. मोबाईलवर करायचं असेल तर ओटीजीनं, म्हणजे फोनला यूएसबी वस्तू लावायच्या जोडणीनं, इंटरफेस जोडता येतो, पण बरेच फोन त्याला पुरेशी वीज देत नाहीत, बाहेरून पॉवर लागणारा यूएसबी हब ठेवा.

आपल्याकडे विजेचा त्रास वेगळाच. रेकॉर्डिंगमध्ये एकसारखी हूं आली तर ती 50 हर्ट्झची लाइनची आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, बऱ्याच वेळा तिथंच बंद होते. नाही झाली तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि चार्जरची तिसरी पिन स्वतः कधी तोडू नका. केबल एक्सएलआरचीच घ्या, तीन पिनवाली, तिच्यात आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेला खरखराट शेवटी आपसात कटतो.

हेडफोन कान झाकणारा, वायरचा. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, ताल सुटतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, त्यानं आपला आवाज उशीर न होता कानात येतो, ते चालू ठेवून गा. सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात उंच तान घेतली तरी आवाजाचा काटा उणे 10 डेसिबलच्या आसपासच थांबला पाहिजे, लाल नको. सॉफ्टवेअरला ऑडॅसिटी फुकट आहे, सुरुवातीला तेच खूप झालं.

पावसाळ्यात कंडेन्सर टांगून ठेवू नका. आमच्याकडे आषाढात भिंतीला ओल येते, आणि ओलीनं त्याच्यात फटफट आवाज सुरू होतो. गाणं झालं की फँटम बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, माईक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा, आणि डबा चुलीच्या खोलीत नाही, धूर नसेल तिथं.