लांब पल्ल्याच्या धावण्याची तयारी: आधी हळू धावायला शिका

धावायला लागल्यावर पाच-सहा आठवड्यांत दम वाढतो. दोन किलोमीटरला धापा टाकणारा माणूस पाच किलोमीटर गप्पा मारत पार करतो आणि त्याला वाटतं, जमलं आपल्याला! घोळ नेमका इथेच होतो. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू पटकन सरावतात. हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र महिनोन् महिने घेतात. दम पुढे निघून जातो, हाडं मागे राहतात.

मी याच फसव्या काळात अंतर एकदम दुप्पट केलं. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, एका बोटानं दाखवता येईल एवढ्याशा जागी दुखायला लागलं. चार दिवस तेल चोळून धावलो आणि मग सहा आठवडे घरी बसलो. जिद्द कमी पडली म्हणून हे झालं नाही, आवरता आलं नाही म्हणून झालं. खाली जे सांगतोय ते बरंचसं आवरण्याबद्दलच आहे.

1. सुरुवात कुठून

सलग अर्धा तास धावता येत असेल आणि आठवड्याला साधारण 20 किलोमीटर होत असतील, तर मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरसाठी 16 ते 20 आठवडे धरा. अर्ध्या मॅरेथॉनला 12 पुरतात. तेवढंही होत नसेल तर आधी चालणं-धावणं आलटून पालटून करत तिथवर या. त्यात कमीपणा काही नाही. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना दाखवून मगच वेळापत्रक आखा.

2. वेग कमी करा

वाचायला सोपी, करायला सगळ्यांत अवघड पायरी. आठवड्यातलं बहुतेक धावणं, पाचातले चार हिस्से म्हणा, अशा वेगानं व्हायला हवं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. अशा निवांत धावण्यानं स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि सांध्यांची झीजही फारशी होत नाही.

अडचण पायांची नसते, अहंकाराची असते. साठीचे एक काका टकटक पावलं टाकत बाजूनं पुढे जातात आणि आपले पाय आपोआप वेग घेतात. ॲपवर मित्राचे आकडे दिसतात. यावर माझा उपाय अगदी बाळबोध आहे: घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून ठेवतो. मुद्दाम हात वळवल्याशिवाय वेग दिसतच नाही. जोरात धावायची हौस असेल तर आठवड्यातला एक दिवस त्यासाठी ठेवा, आणि त्याच दिवशी भागवा.

3. अंतर वाढवा, पण मागेही या

आठवड्यात एक लांब धाव हवीच. ती तीन आठवडे वाढवत नेऊन चौथ्यात खाली आणायची: 10, 12, 14, मग पुन्हा 10. नंतर 14, 16, 18, मग 12. आठवड्याच्या एकूण अंतरात एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त भर घालू नका असं धावणारे सांगतात. तो काही शास्त्राचा नियम नव्हे, पण लगाम म्हणून चांगला आहे. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. आणि बुडलेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका, बुडाली ती बुडाली.

4. दुखणं ओळखा

थोडं दुखणारच. प्रश्न इतकाच, की कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठल्यापुढे थांबायचं.

दोन्ही मांड्या किंवा दोन्ही पोटऱ्या भरून आल्यात, दुसऱ्या दिवशी जास्त ठणकतात, हिंडल्यावर मोकळ्या होतात: हे सरावाचं दुखणं, दोन-तीन दिवसांत जातं. एकाच पायात, एकाच बिंदूवर, धावत गेलं तसं वाढत जाणारं, रात्री जागं करणारं किंवा चाल बदलायला लावणारं: हे इजेचं. फक्त त्या एका पायावर उडी मारून बघा. कळ आली तर धावणं बंद करा आणि तज्ज्ञाला दाखवा. चार दिवस आधी थांबलात तर चार दिवसच जातात. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर मात्र त्या क्षणी थांबायचं, त्यात तडजोड नाही.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम करा. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करणं आणि उठाबशा, एवढ्यानंही बराच फरक पडतो. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर नखं काळी पडतात. आणि झोप. तिच्याशी घासाघीस करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

5. खाणं-पाणी धावतानाच शिका

शरीरात ग्लायकोजेनच्या, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या रूपात साधारण 2000 कॅलरी असतात. दर किलोमीटरला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे अंदाजे एक कॅलरी खर्च होते. म्हणजे 65 किलोच्या माणसाला 42 किलोमीटरला 2700च्या वर लागतात. चरबीही मदतीला असतेच, पण ती संथ जळते. म्हणून 30 किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात. दीड तासापेक्षा लांब धाव असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पोटालाही याचा सराव लागतो, त्यामुळे शर्यतीच्या दिवशी नवं काहीही खाऊ नका.

पाणी तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी ढोसलेलं पाणी रक्तातलं सोडियम पातळ करतं आणि ते जिवावर बेतू शकतं. धावेच्या आधी आणि नंतर वजन करा. नंतरचं जास्त भरलं तर पाणी फार झालं.

6. मनाशी सौदा करा

पहिली दहा मिनिटं जवळपास रोज वाईट जातात, कारण शरीराची ऑक्सिजन पुरवण्याची यंत्रणा रुळायला वेळ लागतो. तेव्हा घरातून निघताना दहाच मिनिटांचं बोला: तेवढं धावून नको वाटलं तर परत फिरायचं. मी फार कमी वेळा परत फिरलोय. दिवसभर डोकं शिणलं असेल तर नेहमीचाच वेग जड वाटतो. अशा संध्याकाळी स्वतःला आळशी म्हणू नका, वेग उतरवा.

लांब धावेला घराभोवती चकरा मारू नका, दर चकरेला दार खुणावतं. सरळ एका दिशेला जा. अर्ध्यावर पोहोचलात की परतावंच लागतं. शेवटच्या टप्प्यात पुढच्या खांबापर्यंत, मग पुढच्या झाडापर्यंत, एवढंच बघा. आणि सोबत शोधा. केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे यानं 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत कापलं, तेव्हा त्याला वेग धरून द्यायला आळीपाळीनं 41 धावपटू होते. त्या धावेची विश्वविक्रमात गणना होत नाही, ती वेगळी गोष्ट. पण त्यालाही सोबत लागली, तर आपण एकट्यानं कशाला झुरायचं?

7. शेवटचे तीन आठवडे

अंतर उतरवत न्या, शेवटच्या आठवड्यात निम्म्याहूनही कमी. आता गंमत सुरू होते: न दुखणारा गुडघा दुखतोय असं वाटतं, वजन वाढल्याचा भास होतो, काहीतरी राहून गेल्याची हुरहुर लागते. 'एकदा अंदाज घेऊ' म्हणून 30 किलोमीटर धावून यायची ऊर्मी येईल. घरी बसा. या दिवसांत नवी ताकद येत नाही, फक्त थकवा उतरतो.

शर्यतीत पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या वेगाहून जरा हळूच जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी जिना उलटा, कठडा धरून उतरावा लागेल. घरचे हसतील. आठवडाभर बूट कपाटात ठेवा आणि फक्त चाला.