फोनोग्राफचे दुर्मीळ जोडभाग घेताय? आधी या चुका टाळा

‘दुर्मीळ’ हा शब्द वाचला की नवख्याचा हात आधी खिशात जातो, डोकं मागाहून चालतं. भाग घरी येतो, फोटो काढून सगळ्यांना दाखवून होतो, आणि मग प्रश्न येतो, “आवाज का येत नाही हो?”

सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे यंत्र न बघता रिप्रोड्यूसर घेणं, म्हणजे नळीसारख्या सिलिंडरवर टोक टेकवून त्यावरच्या चरांतून आवाज काढणारा भाग. ती मीही केली आहे. एडिसनच्या स्टँडर्ड यंत्रासाठी मॉडेल एच रिप्रोड्यूसर मिळाला. नीलमण्याचं टोक शाबूत, त्यामुळे मी हवेत. चार मिनिटांचा काळ्या मेणाचा अँबेरॉल सिलिंडर चढवला. दोन शब्द ऐकू आले, पुढे नुसती खरखर. उचलून पाहतो तर टोकाला केसाएवढा मेणाचा धागा, आणि सिलिंडरवर तिरपे चमकते ओरखडे.

कारण साधं होतं. या यंत्रात रिप्रोड्यूसरला सिलिंडरवरचा चर पुढे नेत नाही, यंत्राचा फिरता लांब स्क्रू, म्हणजे फीडस्क्रू, नेतो. दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचाला 100 चर असतात, 1908 मध्ये आलेल्या अँबेरॉलवर 200. माझं यंत्र फक्त दोन मिनिटांचं, म्हणजे टोक दुप्पट वेगानं चरांच्या भिंती ओलांडत फरफटत गेलं. चाल निम्मी करणारी गिअरची जोडणी लागते. ती बाजारात येते तेव्हा बऱ्याचदा एखादं चाक गायब असतं, आणि विकणारा म्हणतो, “सगळं आहे.”

म्हणून माझी एक सवय आहे. सिलिंडर आणि रिप्रोड्यूसर दोन्ही काढायचे, वेग मिनिटाला 160 फेरे करायचा, पट्टी धरून मिनिटभर यंत्र चालवायचं. रिकामा कॅरेज (रिप्रोड्यूसर धरणारा सरकता भाग) 1.6 इंच सरकला तर यंत्र दोन मिनिटांच्या चालीवर आहे, 0.8 इंच सरकला तर चार. एवढा एक मिनिट ज्याला काढवत नाही, त्यानं शोभेचा कर्णा घ्यावा आणि भिंतीला लावावा.

हिऱ्याच्या टोकाचा रिप्रोड्यूसर मेणावर कधीच नको. तो 1912 च्या ब्लू अँबेरॉलसाठी आहे, वजनदार आहे, मेण खरवडतो. ब्लू अँबेरॉलचा वरचा थर सेल्युलॉइडचा असला तरी आत प्लास्टर असतं आणि ते दमट हवेत फुगतं. मँड्रेलवर, म्हणजे सिलिंडर चढवायच्या फिरत्या दंडगोलावर, जात नसेल तर दाबून बसवू नका.

तबकडीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (सुई धरून आवाज काढणारा भाग) घरघरला की आधी आतलं रबर बघा. बहुतेक वेळा ते दगड झालेलं असतं. त्यात गोंद ओतणाऱ्यांशी मी बोलत नाही.

निकेलचा मुलामा पितळेच्या पॉलिशनं घासू नका. बांबूच्या सुया कापायच्या कात्रीनं लोखंडी पिन कापू नका. हसू नका, कापणारे आहेत.

आता शेव्हर. मेणाचा वरचा थर तासून सिलिंडर पुन्हा कोरा करायचं हे साधन. हाती आलं की प्रत्येकाला कशावर तरी चालवून बघायची खाज सुटते. एका हौशी मुलानं लेबल नसलेला तपकिरी सिलिंडर ‘कोराच असणार’ म्हणून घेतला, बोटभर रुंद पट्टा तासला आणि धार छान आहे असं सांगायला माझ्याकडे आला. उरलेला भाग आम्ही वाजवला. एक बाई मोजत होती, “सात, आठ, नऊ,” आणि मागे लहान मूल हसत होतं. एकपासून सहापर्यंतचे आकडे भुग्यात गेले होते.

त्या काळी लोक घरीच आवाज मुद्रित करत आणि त्याची दुसरी प्रत नसे. सिलिंडर दिव्याखाली तिरपा धरा, आत दोन बोटं घालून, मेणाला हात न लावता. रेशमासारखी बारीक झाक दिसली तर त्यावर काहीतरी आहे. झाक दिसली नाही तरी मी आधी हलक्या मॉडेल बी रिप्रोड्यूसरनं ऐकतो. माझ्या शेव्हरचं पातं मी काढून वेगळ्या डबीत ठेवलंय. तो मुलगा ते अजून अधूनमधून मागतो.