गोकर्णाहून पॅराडाइजपर्यंत पायी: तिथी बघून निघा

शनिवार-रविवारी गोकर्णाच्या मुख्य किनाऱ्यावर उंट, वॉटर स्कूटर आणि भाविक यांची एकच गर्दी असते. इथून दक्षिणेला डोंगराच्या सोंडा ओलांडत गेलं की कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज अशा चार पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, ओळीने लागतात. पहिल्या दोन आता काही निर्जन राहिलेल्या नाहीत. शॅक, योगवर्ग, वाहनतळ, सगळं तिथे पोचलंय. खरा निवांतपणा आहे तो शेवटच्या दोन पुळणींवर, कारण तिथे गाडी जात नाही. थांबे धरून जायला तीन ते साडेतीन तास लागतात. चढ अवघड नाहीत, पण भरतीची वेळ चुकली तर शेवटचा टप्पा त्रास देतो.

दिवस ठरवताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर दहा वाजताच सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं खडकाळ पठार, तापतो आणि वाटेत सावली फारशी नाही. जून ते सप्टेंबर तर नकोच. जांभा दगडाखालची माती पाण्याने फुगून सरकते आणि समुद्र थेट खडकांवर आपटतो. 16 जुलै 2024 रोजी शिरूरजवळ महामार्गावर कोसळलेली दरड याच अंकोला-गोकर्ण पट्ट्यातली.

महिना ठरला की तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हा हिशेब मुंबईकडचा. गोकर्ण दक्षिणेला असल्याने तिथे भरती साधारण तासभर, कधी थोडी जास्तच, आधी येते. म्हणजे अष्टमीच्या आसपास पहाटे पाचला भरती आणि अकराच्या सुमारास ओहोटी. सकाळी साडेसातला निघालेला माणूस हाफ मूनपुढच्या खडकांवर साधारण याच वेळी पोचतो. शिवाय तेव्हा भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी.

अमावास्या-पौर्णिमेला नेमकं उलटं होतं. उधाणाची भरती साडेदहा-अकराला येते आणि खडकांवर लाटा चढलेल्या असतात. चांदण्याच्या मोहाने पौर्णिमेचा शनिवार-रविवार धरणारे बरेच, पण पायी जायला सप्तमी ते दशमी बरी. एक-दोन दिवस आधी भरतीचा तक्ता दाखवणारं ॲप उघडून वेळ पक्की करून घ्या. हिशेब फक्त अंदाजापुरता.

सोबत काय

माणशी तीन लिटर पाणी. ओमनंतर विकतचं पाणी मिळेलच असं नाही आणि पॅराडाइजवर तर भरवसा ठेवूच नका. पकड असलेले, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घ्या. साध्या चपलांनी जांभ्यावर दोन कारणांनी घसरायला होतं. उतारावर मुरमाचे दाणे मोकळे पडलेले असतात, ते पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. आणि अंगठ्याला पट्टा सोडला तर दुसरा आधारच नसतो. याशिवाय टोपी, जलरोधक पिशवीत फोन, डोक्याला बांधायचा दिवा, मिठाचे शेंगदाणे किंवा चिक्की, जखमेसाठी पट्ट्या आणि थोडी रोकड. रेंज अधूनमधून जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

मुख्य किनारा ते कुडले (अर्धा तास)

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला राममंदिराकडे पायऱ्या चढतात. वर सडा लागतो, तो ओलांडून वाट कुडलेवर उतरते. नाश्ता इथेच उरकून घ्या, पुढे उन्हात भरल्या पोटी चढणं जड जातं.

कुडले ते ओम (अर्धा तास)

पुळणीच्या दक्षिण टोकाच्या वाटेने पुन्हा सड्यावर जा. ओमकडे जाणारा डांबरी रस्ता लागतो, वाहनतळावरून पायऱ्या खाली उतरतात. उतरण्याआधी वरूनच बघा: मध्ये घुसलेल्या खडकामुळे दोन वळणं होऊन ॐ उमटलेला दिसतो. खाली गेल्यावर ते कळत नाही.

ओम ते हाफ मून (अर्धा तास)

ओमची पूर्ण लांबी चालून दक्षिण टोक गाठा. शेवटच्या शॅकमागून झाडीत वाट चढते आणि कड्याच्या कडेने जाते. इथे पायवाटांना फाटे फुटतात, आणि समुद्राकडे उतरणारे बहुतेक फाटे फोटोसाठी पडलेले असतात, पुढे कड्यावर संपतात. समुद्र उजव्या हाताला ठेवत, जास्त मळलेली वाट धरा. वाट बंद असल्याचा फलक किंवा पोलीस दिसले तर वाद न घालता होडी करा.

हाफ मून ते पॅराडाइज (अर्धा ते पाऊण तास)

या टप्प्याला घाई करू नका. इथे हात टेकून खडक ओलांडावे लागतात. खडकावर कालवांचा खडबडीत पांढरट पट्टा दिसतो, पाणी तिथपर्यंत नेमाने चढतं. पाऊल नेहमी त्या पट्ट्याच्या वर ठेवा. पट्ट्याखालचा काळपट-हिरवा भाग शेवाळाचा, त्यावर कुठलेच बूट टिकत नाहीत. पडताना हात टेकला तर कालवं तळवा चिरतात. खाली उतरावंच लागलं तर आधी पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. मोठ्या लाटा दोन-तीन लागोपाठ येतात, त्या जाऊ द्या. पाठ समुद्राकडे करून फोटो काढणं म्हणजे नसती आफत.

पॅराडाइज नावाला पुळण, प्रत्यक्षात खडकांमधले वाळूचे छोटे तुकडे. पोहायला वाळूचाच तुकडा निवडा आणि कमरेपुढे जाऊ नका. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर तोच आत ओढणारा प्रवाह असतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून त्यातून बाहेर पडा आणि मग वळा. तंबू आणि शेकोटी टाळा, कचरा पाठीवर परत आणा.

परतताना

सर्वात सोपी होडी. ती ओमला किंवा गोकर्णाला सोडते. भाव बसण्यापूर्वी ठरवा, आणि माणशी की पूर्ण होडीचा तेही विचारून घ्या. चारनंतर होडी मिळेल या आशेवर बसू नका, समुद्र खवळला तर होड्या बंदच असतात. दुसरा पर्याय आतल्या वाटेने बेळेकान गाठून रिक्षा करण्याचा. तिथे रिक्षा उभी असेलच असं नाही, सकाळीच गोकर्णातल्या रिक्षावाल्याला वेळ सांगून ठेवा. चालतच परतायचं तर दुपारी दोनला निघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि ओमच्या अलीकडची कड्याची वाट अंधारात पार करण्यासारखी नाही. अडचण आलीच तर 112, मात्र त्यासाठी रेंज शोधत सड्यावर चढावं लागेल.