बॅक्टेरियाच्या विषामुळे जखम का भरत नाही? स्क्रॅच अ‍ॅसे (ओरखड्याची चाचणी) करताना काय काय बघायचं

पेशींच्या थरावर ओरखडा काढायचा, बॅक्टेरियाचं विष टाकायचं आणि ती गॅप भरते का ते बघायचं, हा स्क्रॅच अ‍ॅसे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा प्रयोग कोणी ना कोणी घेतंच, कारण स्वस्तात होतो आणि फोटो झकास येतात. पण बरेच जण "गॅप भरली नाही" एवढं बघतात आणि ग्राफ काढून मोकळे होतात. अरे पण पेशी सरकायच्या थांबल्या, का मेल्या, का नुसत्या प्लेटवरून सुटल्या? तीनही वेगळ्या भानगडी आहेत, त्या वेगळ्या काढता आल्या नाहीत तर तो ग्राफ काही सांगत नाही.

पेशी हॅकॅट घ्या, माणसाच्या त्वचेच्या केराटिनोसाइट्स आहेत, पुण्याच्या एनसीसीएसकडून (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) मिळतात. बॅक्टेरिया स्यूडोमोनास एरुजिनोसा, पीएओ१ स्ट्रेन. बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) आहे, त्यामुळे हूडमध्येच काम आणि कल्चर रूममध्ये उघडं आणायचं नाही. रात्रभर एलबीमध्ये (बॅक्टेरिया वाढवायचं मीडियम) ३७ डिग्रीला शेकरवर वाढवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि एक थेंब अगार प्लेटवर टाकून ठेवा, काही उगवलं तर तो बॅच सरळ फेकायचा. गाळलेलं हिरवट-निळं दिसलं तर पायोसायनिन आहे, पेशीत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवणारं हेच ते. लासबी नावाचा इलास्टेज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम, म्हणजे प्रोटिएज) पण त्यातच असतो पण तो रंगावरून कळत नाही.

२४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशी पूर्ण भरू द्या, सीरम १ टक्क्यावर आणा (नाहीतर पेशींची संख्या वाढून गॅप भरेल आणि तुम्हाला वाटेल सरकल्या), मग २०० मायक्रोलिटरच्या पिपेट टिपने एकाच दमात सरळ ओरखडा काढा. पीबीएसने (मिठाचं बफर पाणी) दोनदा हळूच धुवा. प्लेटच्या खालून मार्करने आडवी रेघ मारून ठेवा, म्हणजे ०, ६, १२, २४ तासांना फोटो त्याच जागेचा येतो. नंतर इमेजजे सॉफ्टवेअरमध्ये गॅपचा एरिया मोजा.

आता कंट्रोल, इथेच माती होते. नुसतं डीएमईएम (पेशींचं मीडियम) हा कंट्रोल नाही! गाळलेलं जेवढ्या टक्क्याने टाकता तेवढ्याच टक्क्याने कोरं एलबी टाकलेली वेल हवी. आणि रात्रभर वाढलेलं एलबी अल्कलाइन होतं, ते टाकल्यावर पेशींचं मीडियम गुलाबी-जांभळट झालं की समजा पीएच चढला, म्हणजे पेशी विषाने नाही तर पीएचने नाराज आहेत. आधी गाळलेल्याचा पीएच ७.४ ला आणा, मग ते पेशींवर १, ५, १० टक्के असं लावा. लासबी नसलेला म्यूटंट मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला तर थोडं गाळलेलं ९५ डिग्रीला १० मिनिटं तापवून वेगळ्या वेलमध्ये टाका, प्रोटीन मोडतात, पायोसायनिनसारखे छोटे रेणू बऱ्यापैकी टिकतात. तापवल्यावर परिणाम गेला तर संशय प्रोटिएजवर.

फोटो झूम करून कडेच्या पेशी बघाच. गॅपमध्ये पाय पसरणाऱ्या चपट्या पेशी असतील आणि फक्त हळू असतील तर सरकण्यावर परिणाम. गोल होऊन सुटायला आल्या असतील, आणि २४ तासांनी गॅप ० तासापेक्षा मोठी दिसली, तर प्रोटिएजने पेशींची पकडच तोडलीय, ते मायग्रेशन (सरकणं) म्हणून लिहू नका. मेल्यात का हे बघायला एमटीटी (जिवंत पेशी जांभळं करतात तो रंग) लावताना बिनपेशींची वेल पण ठेवा, पायोसायनिन स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतं. माझ्या मते ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) सोबत केलेलं बरं.

आणि एक, गाइडने हमखास विचारायचा प्रश्न: एक्सोएस, एक्सोटी (याच बॅक्टेरियाची विषारी प्रोटीन) कुठे गेले? ते टाइप थ्री सिक्रीशनच्या सुईतून थेट पेशीत टोचले जातात, त्यासाठी जिवंत बॅक्टेरिया पेशीला चिकटायला लागतो. गाळलेल्या पाण्यात त्यांचा परिणाम शोधायला जाऊ नका, डिस्कशनमध्ये लिहायचं की हा प्रयोग फक्त बाहेर सोडलेल्या घटकांचा आहे.