ड्रम्सचे रुडिमेंट्स: सुरुवात पॅडवर, आणि अगदी हळू

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात ड्रम किट घेतलेली बरीच पोरं पहिल्याच आठवड्यात गाण्यावर वाजवायला बसतात, दोन-तीन महिने मजा येते आणि मग हात अडकतो, स्पीड वाढवला की खांदा भरून येतो. रुडिमेंट्स केले की हे सुटतं. रुडिमेंट म्हणजे उजव्या-डाव्या हाताचे ठरलेले छोटे पॅटर्न. अमेरिकेत 1933 मध्ये त्यातले 13 आवश्यक म्हणून ठरवले, 1984 ला यादी 40 ची झाली, पण तुम्हाला सुरुवातीला चारच पुरे.

सामान कमी लागतं. 5A साइजच्या (मध्यम जाडीच्या) काठ्या, एक रबरी प्रॅक्टिस पॅड आणि फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगाने टिकटिक करणारं ॲप. उशीवर प्रॅक्टिस नको, काठी उसळतच नाही आणि शिकायचं तर तेच आहे. काठ्या घेताना दुकानात टेबलावर लोळवून बघा, वाकडी असेल तर डुगडुगते. आपल्याकडच्या पावसात लाकूड ओल खातं, म्हणून त्या खिडकीजवळ ठेवू नका.

आता ग्रिप, इथे घाई करू नका. काठीच्या मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनी यांच्यात काठी धरा, बाकीची बोटं नुसती टेकलेली. एकदा पॅडवर सोडा आणि बघा, ती आपोआप चार-पाच वेळा उसळली पाहिजे. एका टप्प्यातच थांबली तर तुम्ही आवळून धरलीय. शिगमोत (आमचा होळीच्या वेळचा सण) ताशावाल्याचे हात जवळून बघा, किंवा गणेश चवथीच्या आरतीत शामेळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य, वाजवणाऱ्याचे, मनगट किती सैल असतं ते दिसेल. मला हे पॅडवर कळायच्या आधी तिथेच कळलं.

पहिला सिंगल स्ट्रोक रोल: उजवा, डावा, उजवा, डावा. मेट्रोनोम 60 वर (मिनिटाला 60 टिक), एका टिकला दोन ठोके. सोपं वाटतं, पण फोनवर रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐका, कुठला हात कुठला ते ओळखू आलं तर अजून जमलेलं नाही. बहुतेक उजव्यांचा डावा हात बारीक वाजतो कारण ते काठी कमी उंचीवरून आणतात, म्हणून आरशासमोर बसा आणि दोन्ही टोकं सारखी वर येतायत का बघा. डाव्याला रोज पाच मिनिटं एकट्याला द्या. माझ्या मते सगळ्या प्रॅक्टिसमधली ही पाच मिनिटं सगळ्यात मोलाची.

दुसरा डबल स्ट्रोक: उजवा उजवा, डावा डावा. दुसरा ठोका नेहमी मरतो. हळू वाजवताना दोन्ही मनगटाने मारा, स्पीड आला की दुसरा उसळीवर घेऊन बोटांनी किंचित आत ओढा. थोडे दिवस मुद्दाम दुसऱ्यावर जोर द्या, लवकर सरळ होतं.

तिसरा पॅराडिडल: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. तोंडाने पॅ-रा-डि-डल म्हणत वाजवा, दर चौकडीच्या पहिल्या ठोक्यावर जोर.

चौथा फ्लॅम, तो शेवटी घ्या. एक काठी पॅडपासून दोन बोटं वर, दुसरी खांद्याच्या उंचीवर, दोन्ही एकदमच सोडायच्या. खालची आधी पोचते आणि एक जाड ठोका ऐकू येतो, दोन सुटे ठोके ऐकू आले तर दोन्ही काठ्या एकदम सुटल्या नाहीत किंवा वरची फार उंच आहे.

रोज वीस मिनिटं बास, रविवारी तीन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. स्वच्छ दोन मिनिटं वाजलं तरच मेट्रोनोम 5 ने वाढवा, आणि हात दुखला की थांबा.

महिन्याभराने किटवर बसा, पॅराडिडलच वाजवा, फक्त उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडमिट होणाऱ्या झांजा), डावा स्नेअरवर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), आणि उजव्याच्या जोराबरोबर पायाने किक (जमिनीवरचा मोठा ड्रम) द्या. स्नेअरचा जोर चार मात्रांतल्या बरोबर दोन आणि चारवर येतो, लगेच गाण्यावर वाजवून बघा.