'सॅटिस्फाय' म्हणजे दरवेळी 'समाधान' नाही : या चुका टाळा

परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं तिचं शिफारसपत्र मला वाचायला दिलं. त्यात तिच्या प्रकल्पाला सरांनी 'सॅटिस्फॅक्टरी' म्हटलं होतं. सरांच्या मनात आपलं 'समाधानकारक' होतं, म्हणजे नाव ठेवायला जागा नाही असं काम. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्यातून 'ठीक आहे, चालेल' एवढंच कळतं. मुलगी खरोखर हुशार, म्हणून फार हळहळ वाटली. विनंती केल्यावर सरांनी तिथं 'एक्सलंट' लिहून दिलं. कौतुक करायचं असेल तर 'सॅटिस्फॅक्टरी' लिहूच नका.

शब्द फोडला की असं का होतं ते दिसतं. लॅटिनमध्ये 'सॅटिस' म्हणजे पुरेसं आणि 'फाकेरे' म्हणजे करणं. जेवढं हवं तेवढं पुरवणं, हा मूळ अर्थ. पंधराव्या शतकात हे क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत रुळलं ते देणं फेडणं, पापाचं प्रायश्चित्त घेणं अशा अर्थांनी. देणी भागवायला पुरेल ते धन म्हणून 'अ‍ॅसेट'सुद्धा याच 'सॅटिस'मधून आला. आणि 'सॅड'? तोही याच कुळातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पोट भरलेला, धालेला. पुढे जड झालेला, कंटाळलेला असं होत होत तो दुःखी झाला. जर्मनमधला त्याचा भाऊ 'झाट' आजही जेवून तृप्त झालेल्यालाच म्हणतात.

सगळ्यात जास्त चुका भाषांतरात होतात. नोकरीच्या जाहिरातीत 'निकषांचे समाधान करणारे उमेदवार' असं वाचलं की डोळ्यांत खुपतं. उमेदवार निकष पूर्ण करतो, निकषात बसतो. कोर्ट 'सॅटिस्फाइड' असेल तर कोर्टाची खात्री पटलेली असते, ते खूश झालेलं नसतं. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 82 मध्ये 'सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज' येतं. तिथं मालमत्तेवरचा बोजा कर्ज फिटल्यामुळे उतरलेला असतो. 'बोजाचे समाधान' लिहिलं तर वाचणाऱ्याला काही म्हणजे काही कळणार नाही. गणितातही तसंच : एक्सच्या जागी 3 घातल्यावर दोन्ही बाजू सारख्या आल्या, की 3 नं समीकरण 'सॅटिस्फाय' झालं.

बोलताना 'आय अ‍ॅम सॅटिस्फाय' म्हणू नका, 'सॅटिस्फाइड' म्हणा, आणि पुढे 'फ्रॉम' नको, 'विथ' हवं. नाम करताना 'सॅटिस्फिकेशन' हा शब्द तर सर्रास ऐकू येतो. 'क्लॅरिफाय'चं 'क्लॅरिफिकेशन' होतं, मग याचं का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण 'क्लॅरिफाय'सारख्या शब्दांचं शेपूट लॅटिनमधल्या 'फिकारे'चं आहे, याचं थेट 'फाकेरे'चं. म्हणून 'सॅटिस्फॅक्शन', जसं 'लिक्विफाय'चं 'लिक्विफॅक्शन'.